एक आदेश, चार गावं

फळ्यावरची तारीख आजची नाही. परिपाठ संपल्यावर मॅडमनी आजची तारीख पुसून तिथे लिहिलं आहे : ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. खाली एका ओळीत चार नावं : लासलगाव, दिल्ली, ढाका, पाबना. पहिलं नाव मुलांना बोलायला लागल्यापासून पाठ. दुसरं-तिसरं पुस्तकातलं. चौथ्यापाशी सगळे अडखळतात.

'मॅडम, पाबळ का?'

'पाबळ पुणे जिल्ह्यात. हे पाबना. कुठे आहे ते तुम्हीच शोधायचंय.'

जानेवारीची सकाळ आहे. निफाड तालुक्याची थंडी दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येते ती उगीच नाही. वर्गातली निम्मी पोरं कानटोपी काढायला तयार नाहीत. शाळा जिल्हा परिषदेची, वर्ग सातवीचा. मागच्या बाकावर मला जागा करून दिली आहे. खिडकीतून डांबरी रस्ता दिसतो. लाल कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या लासलगावच्या दिशेने चालल्या आहेत. रस्त्यापलीकडच्या वाफ्यांत पाणी सोडलंय आणि बायकांची टोळी वाकून उन्हाळ कांद्याचं रोप लावते आहे. १९४७ साली सुरू झालेली लासलगावची बाजार समिती आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. या पट्ट्यात घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, नवी मोटारसायकल, सगळ्यांच्या तारखा कांद्याच्या भावावर ठरतात. त्यामुळे 'आज आपण कांदा शिकणार' असं मॅडम म्हणतात तेव्हा वर्ग हसतो. कांद्यातलं आपल्याला आणखी काय शिकवणार, असा तो हशा आहे.

'हसा. पण आधी नकाशा.'

भिंतीवर भारताचा जुना, कडा फाटलेला नकाशा आहे. त्याच्या शेजारी मॅडमनी आशियाचा नकाशा टाचण्यांनी लावला आहे. दोन मुलं पुढे येतात. एकाच्या हातात सुतळी, दुसऱ्याच्या हातात पट्टी. सुतळीचं एक टोक लासलगावावर आणि दुसरं पश्चिम बंगालच्या सरहद्दीवर, पेट्रापोलला. पलीकडे बेनापोल, म्हणजे बांगलादेश. प्रमाण बघून गुणाकार होतो. सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरच्या थोडं वर येतं.

'ट्रक काय सरळ रेषेत जातो का?' खिडकीजवळचा मुलगा विचारतो. त्याचे काका ट्रक चालवतात. 'काका सांगतो, दोन हजार धरायचे. चार-पाच दिवस लागतात. बॉर्डरला लाइन असली तर आणखी.'

मॅडम फळ्याच्या कडेला '२००० कि.मी. – काकांची माहिती' असं लिहितात. माहितीबरोबर ती कुणाकडून आली हेही लिहायचं, हा या वर्गाचा रिवाज दिसतो. फळ्याच्या त्या कडेला आणखी आकडे जमू लागतात. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. बांगलादेशाचं त्याच्या निम्म्याहून कमी, १ लाख ४८ हजारांच्या आसपास. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटी. बांगलादेशाची आज सुमारे १७ कोटी.

'आपल्या निम्म्या जागेत आपल्याहून जास्त माणसं?' पहिल्या बाकावरची मुलगी मागे वळून सगळ्यांना सांगते. 'मंग कांदा लावायला जागा कुठं राहणार?'

'लावतात. भरपूर लावतात. त्यांचा मुख्य कांदा मार्च-एप्रिलात निघतो. पण हवा दमट. आपल्या कांदाचाळीत टिकतो तसा तिथे टिकत नाही.' एवढं सांगून मॅडम थांबतात. पाबना सापडल्याची आरोळी मागून येते : ढाक्याच्या पश्चिमेला, मोठ्या नदीच्या काठी. नदीचं नाव पद्मा. 'आपली गंगाच ती,' मॅडम म्हणतात, 'तिकडे गेल्यावर पद्मा.'

मग एक अनपेक्षित काम. 'ज्यांनी बाहेरचं स्वेटर-जॅकेट घातलंय त्यांनी मानेमागची पट्टी वाचा.' एकमेकांच्या कॉलरी उलटवून वाचायला जी झुंबड उडते, तिच्यात दोन मिनिटं जातात. बहुतेकांच्या पट्ट्या धुवून कोऱ्या झाल्या आहेत. काहींवर लुधियाना. एका मुलीच्या निळ्या जॅकेटवर, जे तिच्या पुण्याच्या मावशीनं दिलंय, 'मेड इन बांगलादेश'. ती जॅकेट काढून पुढच्या टेबलावर ठेवते. थंडी असूनही परत मागत नाही.

'हे कुणी शिवलं असेल?'

'मशीननं.'

'मशीनवर कोण बसलं होतं?'

उत्तर येत नाही. मॅडम थोडक्यात सांगतात. ढाका आणि आसपासच्या कारखान्यांत लाखो माणसं, त्यांत बायका फार, जगभराचे कपडे शिवतात. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे कारखाने होते. ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना दुसऱ्या दिवशी आत बोलावलं. वर्गात चुळबुळ थांबते. मॅडम त्या गांभीर्यावर रेंगाळत नाहीत. लगेच पुढचा आकडा देतात : डिसेंबर २०२३पासून तिथल्या कपडे कामगाराचं किमान वेतन झालं महिन्याला, तिथल्या चलनात, १२,५०० टका. 'हा आकडा वहीत लिहा. लागणार आहे.'

आता वर्गाचे चार गट पडतात. लासलगावचा शेतकरी. दिल्लीतला अधिकारी. ढाक्यातली कपडे कामगार. पाबन्याचा शेतकरी. प्रत्येक गटाला एक पुठ्ठा मिळतो. त्यावर वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि मॅडमनी हाताने लिहिलेल्या चार-पाच ओळी. एकच नियम : ज्यांच्या घरी कांदा पिकतो त्यांनी लासलगावच्या गटात बसायचं नाही.

इथे पहिला विरोध होतो. 'आमच्या घरचं आम्हालाच बोलू देणार नाही का, मॅडम?' असं विचारणारा मुलगा उंच आहे, आवाज फुटायला लागलेला. त्याच्या घरी पाच एकर कांदा आहे. त्याला ढाक्याच्या गटात टाकलंय.

'बोल ना. पण आज दुसऱ्याच्या घरचं. तुझ्या घरचं तुला सांगता येतंच.'

लासलगावच्या गटात किराणा दुकानदाराची मुलगी, एसटी चालकाचा मुलगा आणि पोस्टमनच्या दोन नाती येतात. पुठ्ठ्यावरचं ते वाचून दाखवतात. ७ डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. ८ तारखेपासून अंमल, ३१ मार्च २०२४पर्यंत. त्या दिवशी लिलाव बंद पडले. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. लिलाव पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव घसरत गेला. एसटी चालकाचा मुलगा सांगतो, 'पप्पांची गाडी त्या दिवशी चांदवडच्या अलीकडे उभी होती. ते चिडले होते शेतकऱ्यांवर.' मग थांबून म्हणतो, 'आज मी शेतकरी आहे म्हणून सांगतो : ट्रॉली भरून आणली, लिलाव नाही, परत न्यायचं डिझेल कोण देणार?' कांदावाल्या पोरांतून 'बरोबर!' असा आवाज येतो. आपलं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना बरं वाटतंय, हे चेहऱ्यांवर दिसतं.

दिल्लीच्या गटाची पंचाईत आहे. सरकारची बाजू मांडायची आणि तीही निफाड तालुक्यात बसून. पण पुठ्ठ्यावर क्रम आहे. २०२३चा पाऊस लहरी, त्यामुळे खरीप कांद्याला फटका आणि शहरांत किरकोळ भाव चढलेले. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर. तरी भाव उतरेनात म्हणून डिसेंबरात बंदी. चष्मेवाला मुलगा हे सांगतो आणि शेवटी स्वतःचं जोडतो : 'आणि पुढं निवडणूक होती.'

'हे पुठ्ठ्यावर आहे?'

'नाही. पण सगळे म्हणतात.'

'मग लिही. लाल पेनने.'

निळ्या पेनने माहिती, लाल पेनने अंदाज. मुलांच्या वह्या बघितल्या तर दोन्ही रंग ओळीओळीत आहेत. अंदाजाला बंदी नाही. त्याला माहितीच्या रंगात बसायला मात्र परवानगी नाही. बातमी आणि ढकललेला मेसेज यांतला फरक मोठ्या माणसांना व्हॉट्सॲपवर सापडत नाही, तो या दोन पेनांत बसवलेला आहे.

दिल्लीच्याच गटात एक बारीक मुलगी आहे. आतापर्यंत तिने तोंड उघडलेलं नाही. तिचे आईवडील सुरगाण्याकडून लागणीसाठी येतात. रस्त्यापलीकडच्या टोळीत तिची आई आहे. मॅडम तिला विचारतात, 'तुला काय वाटतं, अधिकारी मॅडम? बंदी का घातली?'

ती आधी बाकाकडे बघत राहते. मग म्हणते, 'आमी कांदा इकत घेतो.'

'तू?' उंच मुलगा मागे वळतो. 'तुम्ही तर लावता.'

'लावतो तो तुमचा. इथं असलो तं मालक बारकी गोल्टी देतो. गावी गेलो का इकत घेतो. तवा आई एकच घेती. तो दोन दिस पुरवती.'

वर्गात कुणी हसत नाही. ज्या ग्राहकासाठी बंदी घातली असं सरकार म्हणतं, तो दिल्ली-मुंबईच्या फ्लॅटमध्ये असतो अशी सगळ्यांची समजूत होती. तो याच वर्गात, तिसऱ्या बाकावर निघाला. मॅडम काहीही निष्कर्ष काढत नाहीत. एवढंच म्हणतात, 'हे निळ्या पेनने लिहा. हिने सांगितलेली माहिती.'

ढाक्याच्या गटात उंच मुलाने गणित मांडलंय. १२,५०० भागिले ३० : दिवसाला साधारण ४१६ टका. बंदीची बातमी पोचल्यावर एक-दोन दिवसांत ढाक्यात कांदा किलोला २०० टक्क्यांच्या वर गेला, असं पुठ्ठ्यावर आहे. 'टक्के नाही, टका,' शेजारची दुरुस्ती करते. तो फळ्यापाशी जाऊन लिहितो : एक दिवसाची मजुरी = दोन किलो कांदा. खडू खाली ठेवतो, पुन्हा उचलतो. 'म्हणजे मॅडम, आमच्याकडं भाव पडला त्याच आठवड्यात तिकडं चढला?'

'त्याच आठवड्यात.'

'एकाच कागदानं?'

'एकाच कागदानं.'

त्याला हे पटत नाही आणि पटतंही. 'पण तोटा आमचा झाला,' तो म्हणतो. मॅडम लगेच 'आमचा म्हणजे कुणाचा? तू आत्ता ढाक्यात आहेस' अशी आठवण करून देत नाहीत. त्या त्याला दोन्ही वाक्यं लिहायला सांगतात, एकाखाली एक. घरचं वाक्य पुसून टाकल्याशिवाय दुसऱ्याचं लिहिता येत नाही अशी सक्ती इथे नाही. माझ्या मते या तासातली सर्वांत शहाणी गोष्ट ती आहे.

पाबन्याचा गट शेवटी ठेवण्यामागे मॅडमचा डाव आहे. हा गट आतापर्यंत हातातला पुठ्ठा लपवून हसत होता. आता त्यांची पुढारी, दोन वेण्यांची मुलगी, उभी राहते. 'आम्ही पाबन्याचे कांदा शेतकरी. आमची मागणी अशी : भारताचा कांदा बंद करा!'

एकच कल्ला. 'काय?' 'आमचा कांदा?' दिल्लीचा गटसुद्धा उठून उभा राहतो. ती शांतपणे वाचते. मार्च २०२३मध्ये बांगलादेशाच्या सरकारने कांदा आयातीचे परवाने थांबवले, कारण तिथल्या शेतकऱ्याचा कांदा निघत होता आणि बाहेरचा माल आला की त्याचा भाव पडतो. पुढे ढाक्यात भाव चढला तेव्हा ५ जून २०२३पासून आयात पुन्हा सुरू केली. 'आमचाही खर्च आहे. आमचंही कर्ज आहे. आमचा कांदा निघाल्यावर तुमच्या ट्रका आल्या तर आम्ही काय करायचं?'

'हे तर आमच्यासारखंच बोलतायत!' उंच मुलगा म्हणतो.

'तुमच्यासारखंच. फक्त दार उलटं. तुम्ही म्हणता उघडा, ते म्हणतात लावा.'

'आणि ढाक्यातली बाई?'

'ती काय म्हणेल?'

तो आपल्या गटाकडे बघतो. गटात कुजबुज होते. 'ती म्हणेल उघडा. म्हणजे ती... आमच्या बाजूनं आहे. लासलगावच्या.' आणि दिल्लीच्या गटातला चष्मेवाला पुढचं बोलून टाकतो : 'मंग पाबन्याचा शेतकरी आमच्या बाजूनं. त्याला पण बंदीच पाहिजे.'

देशांच्या नावाने पडलेले गट इथे मोडून पडतात. सकाळी मुलांच्या डोक्यात भारत आणि बांगलादेश अशी रेघ होती. आता फळ्यावर तिरप्या रेषा आहेत : लासलगावकडून ढाक्याकडे, दिल्लीकडून पाबन्याकडे. पिकवणारा आणि विकत घेणारा ही रेघ दोन्ही देशांच्या आतून जाते. हे वाक्य मॅडम उच्चारत नाहीत. रेषा मुलांनी ओढल्या आहेत, तेवढं पुरे आहे.

मग त्या एक गोष्ट सांगतात, खरी. सप्टेंबर २०१९च्या अखेरीला भारताने अशीच निर्यात थांबवली होती. काही दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या सभेत त्या हसत हसत हिंदीत म्हणाल्या, की मी आचाऱ्याला सांगून टाकलंय, आता स्वयंपाकात कांदा घालायचा नाही. पोरं खो खो हसतात. 'पुढे काय म्हणाल्या ते महत्त्वाचं आहे. त्या म्हणाल्या, आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून आणला असता.' २०२०च्या सप्टेंबरात पुन्हा एकाएकी बंदी आली, तेव्हा भरलेले ट्रक सरहद्दीवर उभे राहिले. खिडकीजवळचा मुलगा हात वर करतो. त्याच्या काकांचा ट्रक तेव्हा तिथे होता का, हे तो घरी विचारून सांगणार आहे.

मधल्या सुट्टीची घंटा होते. व्हरांड्यात खिचडीच्या पंगती बसतात. मॅडम कडुनिंबाखाली खुर्ची टाकून डबा उघडतात आणि मला म्हणतात, 'हा पाठ पाठ्यपुस्तकात नाही. पण सातवीचं गणित यात आहे, भूगोल आहे, नागरिकशास्त्र आहे, भाषा आहे. मी वेगळा तास मागत नाही.' पुठ्ठे त्या दिवाळीच्या सुट्टीत करतात. मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं घरचीच. ढाक्याची इंग्रजी वर्तमानपत्रं फोनवर वाचतात आणि चार ओळी मराठीत उतरवतात. शाळेतला मोठा पडदा महिन्यातून बरेच दिवस बंद असतो. त्याची त्या वाट बघत नाहीत.

जगातल्या शिक्षणतज्ज्ञांनी अशा शिकण्याला 'जागतिक क्षमता' या नावाने चौकट दिली आहे. ओईसीडी या संघटनेच्या 'पिसा' चाचणीत २०१८ साली पंधरा वर्षांच्या मुलांची जागतिक क्षमता पहिल्यांदा तपासली गेली. २७ देश-प्रदेशांनी ती चाचणी दिली, भारत त्यात नव्हता. चौकटीत चार गोष्टी आहेत : जवळचा आणि जगाचा प्रश्न तपासता येणं, दुसऱ्याची नजर समजणं, वेगळ्या माणसांशी नीट बोलता येणं आणि सर्वांच्या भल्यासाठी काही करणं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३०पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण मिळावं असं म्हटलंय. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे. मॅडमना हे सगळं ठाऊक आहे, प्रशिक्षणात ऐकलंय. 'प्रशिक्षण झालं की शाळांत काय होतं सांगू? झेंडे रंगवतात. एक मुलगी किमोनो घालते, एक मुलगा टोपी घालून मेक्सिकोचा होतो. फोटो ग्रुपवर जातो. मुलाला जपानबद्दल कळतं काय? कपडे.'

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांचं नाव निघतं. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतली मुलं एकमेकांशी बोलावीत म्हणून त्यांनी उपक्रम चालवला. 'ते जिल्हा परिषदेच्याच शाळेतून झालं,' मॅडम म्हणतात. 'आम्हाला ढाक्याच्या शाळेशी बोलायला मिळालं तर हवंच आहे. पण बोलायच्या आधी त्यांना विचारायला प्रश्न तरी हवेत. नाहीतर नाव काय, आवडता खेळ काय, एवढ्यावर कॉल संपतो.'

विरोध होतो का, या प्रश्नावर त्या हसतात. एका मुलाचे वडील शाळेत आले होते. पोरांना आमच्याच विरुद्ध शिकवता का, असा सरळ सवाल. मॅडमनी त्यांना वर्गात बोलावलं आणि फळ्यावर एका एकराचा खर्च मांडायला सांगितला : रोप, लागण, खत, औषध, काढणी, चाळ, वाहतूक. त्यांनी तासभर मांडला. मुलांनी प्रश्न विचारले. एकाने विचारलं, भाव चांगला मिळतो त्या वर्षी लागणीच्या बायकांची मजुरी वाढवता का? 'वडील गप्प बसले, मग म्हणाले, थोडी. ते पुन्हा तक्रार करायला आले नाहीत. यंदा विचारत होते, पुन्हा कधी बोलावताय?'

दुपारच्या तासाला चारही गट परत जागेवर आहेत. फळ्यावर एक प्रश्न : चौघांनाही मान्य होईल अशी एक तरी गोष्ट आहे का?

सुरुवातीला सूचना येतात त्या एकेकाच्या सोयीच्या. बंदी नको – दिल्ली आणि पाबना नाही म्हणतात. बंदी कायमची – लासलगाव आणि ढाका अंगावर येतात. सगळ्यांना सारखा भाव, असं एकजण म्हणतो. कोण ठरवणार, यावर ते अडतं. सरकारने कांदा विकत घेऊन साठवावा, हे दिल्ली मान्य करते. पण पोस्टमनच्या नातीला शंका आहे, 'तो साठवलेला नेमका आमचा कांदा निघाल्यावर बाहेर काढला तर?' ती शंका फळ्यावर जाते, सूचनेच्या शेजारी.

मग ढाक्याच्या गटातून उंच मुलगा म्हणतो, 'आधी सांगा ना पण.'

'म्हणजे?'

'बंदी घालायची तर घाला. पण एका रात्रीत नको. महिनाभर आधी सांगा. म्हणजे ढाकावाली दुसरीकडनं आणंल, आपला शेतकरी तेवढा कांदा लवकर काढणार नाही किंवा चाळीत ठेवंल, ट्रक बॉर्डरला जाणार नाही.'

पाबना? दोन वेण्यांची मुलगी विचार करते. 'आम्हाला चालंल. आयात कधी सुरू होणार ते आम्हालापण आधी कळलं पाहिजे.' सगळे दिल्लीकडे बघतात. चष्मेवाला डोकं खाजवतो. 'आधी सांगितलं तर व्यापारी साठा करतील, नाहीतर घाईनं सगळा बाहेर पाठवतील.' ही अडचण खरी आहे आणि मॅडम ती खोडत नाहीत. चर्चा पुन्हा पेटते. महिना जास्त होतो का? पंधरा दिवस? रस्त्यात असलेल्या ट्रकांना तरी सूट? या शेवटच्यावर चारही गटांचे हात वर होतात. सुरगाण्याच्या मुलीचाही.

शेख हसीनांनी भर सभेत जे मागितलं होतं त्याच्या जवळ ही मुलं स्वतःच्या पायांनी चालत आली आहेत. त्यांच्या ते लक्षात येतं तेव्हा एक मुलगी म्हणते, 'म्हणजे आपण बरोबर चाललोय.' मॅडम म्हणतात, 'किंवा दोघंही चुकताय. तपासा.'

शेवटचा अर्धा तास पत्र लिहिण्यात जातो. बाजार समितीच्या सभापतींना एक, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना एक. मजकूर मुलांचाच, भाषा अदबीची. मान्य झालेली मागणी एक, न सुटलेले प्रश्न तीन. पत्रात पाबन्याच्या शेतकऱ्याचा उल्लेख ठेवायचा की नाही, यावर मतदान होतं. ठेवायचा ठरतं. शाळेच्या दाराशी एक नवा फळाही लागणार आहे : लासलगावचा आजचा सरासरी भाव, नाशिकचा किरकोळ भाव, ढाक्याचा किरकोळ भाव. ढाक्याचा आकडा आठवड्यातून एकदा, मॅडमच्या फोनवरून. टक्याचे रुपये करायचं काम सातवीकडे. निळं जॅकेट परत घालताना ती मुलगी विचारते, हे आता कसं येत असेल? मॅडम सांगतात : मे २०२५मध्ये भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना खुष्कीचा मार्ग बंद करून ते फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा बंदरांतून यावेत असं ठरवलं. न्हावा शेव्यातून तर आपला कांदा कोलंबोला, दुबईला, मलेशियाला जातो. 'उद्याचा पुठ्ठा तोच करू,' खिडकीजवळचा मुलगा म्हणतो.

एका दिवसात या मुलांना सगळं जग कळलं, असं मी म्हणणार नाही. काहीजण उद्या पुन्हा 'आमचा तोटा' एवढंच म्हणतील आणि तो तोटा खराही आहे. पण दूरच्या माणसाबद्दल मत देण्याआधी त्याची मजुरी विचारायची, माहिती आणि अंदाज वेगळ्या रंगात लिहायचे, आपल्याच बाकावरच्या मुलीचं न ऐकलेलं ऐकायचं, एवढ्या सवयी लागल्या तर जागतिक क्षमतेच्या चौकटीतलं बरंच काही मिळालं. त्यासाठी या शाळेला लागलं काय? दोन नकाशे, सुतळी, पुठ्ठे, दोन रंगांची पेनं आणि सुट्टीत वाचन करणारी एक शिक्षिका.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावातून काहीतरी बाहेर जातं किंवा बाहेरून येतं. जळगावची केळी आखातात जातात, सोलापूरचे टॉवेल परदेशात जातात, रत्नागिरीची मासळी जहाजावर चढते. शिक्षकांनी त्यांतली एकच गोष्ट निवडावी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे ते मुलांना शोधू द्यावं. केंद्रप्रमुखांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यासाठी नवा अहवाल, नवा फोटो मागू नये. वर्षातले काही तास मोकळे द्यावेत. झेंडे रंगवण्याचे दिवस कमी झाले तरी चालेल.